उत्तमरावांची हरकत

घर कितीही मोठं असो, माणसाला त्यात एक खोली कमीच पडते. नवघरच्या उत्तमराव खानविलकरांना ती कमी पडली मुलाचं लग्न ठरल्यावर. निम्मं आयुष्य गिरगावातल्या एका खोलीत काढून त्यांनी इथे छोटंसं बैठं घर बांधलं होतं. घर आणि शेजारच्या नाथा पाटलाचं कुंपण यांच्यात चिंचोळी मोकळी जागा होती. कागदावर तिला सामासिक अंतर म्हणतात, गल्लीत मार्जिन. तिथे बांधायचं तर महापालिकेकडून खास सवलत घ्यावी लागते.

"अर्जबिर्ज कोण करतं हो? चार विटा रचायच्या नि मोकळं व्हायचं!" गल्लीतल्या निम्म्या लोकांनी हा सल्ला दिला होता, आणि स्वतः पाळलाही होता. पण उत्तमराव सरळमार्गी. त्यांनी रीतसर अर्ज केला. मुलाने, रोहितने, मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "खोली झाली तर इथेच राहू, बाबा. नाहीतर जेसल पार्कला भाड्याचा ब्लॉक बघतोय." एकुलता एक मुलगा. त्याच्याशिवाय घर म्हणजे काय, असं उत्तमराव स्वतःशीच म्हणत.

पाहणीला इंजिनिअर बाई येणार होत्या. उत्तमराव त्या मोकळ्या जागेतच खुर्ची टाकून बसले. खाडीकडून वारा येत होता आणि दुपार अशी मऊ झाली होती की त्यांचा डोळा लागला.

स्वप्नात खोली बांधून तयार! फिकट निळ्या भिंती, आत सुनेच्या बांगड्यांचा आवाज. उत्तमरावांनी हौसेने खिडकी उघडली तर समोर भिंत. दुसरी उघडली, तिथेही भिंत. सगळ्या गल्लीने मार्जिनमध्ये खोल्या काढल्या होत्या आणि घरं एकमेकांना चिकटून उभी होती. बाहेर वारा पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखा फिरत होता. "ये की आमच्याकडे," उत्तमराव म्हणाले. वारा म्हणाला, "वाट कुठे ठेवलीत?"

ते दचकून जागे झाले. कुंपणापलीकडे खिडकीशी नाथाची आई, चंपाबाई, पलंगावर पडली होती. दम्याने ती अंथरुणाला खिळली होती. तिचे पांढरे केस वाऱ्याने भुरभुरत होते.

"झोप लागली क्काय, भाऊ?" ती हसली. "हितला वारा हायच तसा."

तेवढ्यात ममता इंजिनिअर टेप घेऊन आल्या. मागोमाग नाथाही आला. मापं झाली.

"काका, तुमचा प्लॉट तिरपा नाही. त्यातला तुकडा रस्त्यात गेला नाही, मध्ये विहीर नाही. मग अडचण कसली?"

"मुलाचं लग्न आहे हो."

"म्हणजे अडचण तुमची आहे, जमिनीची नाही," ममता हळूच म्हणाल्या. "सवलत जमिनीच्या अडचणीला असते. उद्या तुम्ही घर विकून गेलात, तर तुमची अडचण तुमच्याबरोबर जाईल. खोली मात्र इथेच राहील. शेजाऱ्याचा गेलेला वारा परत येईल का?"

"शेजारी मीच ना?" नाथा मध्येच म्हणाला. "माझी काय हरकत न्हाय, म्याडम. रोहित काय परका हाय? आईचा पलंग मागच्या खोलीत नेताव."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. उत्तमरावांना ते ठाऊक होतं. अर्ज करतानाही ठाऊक होतं! चंपाबाईने खिडकीचा गज घट्ट धरला. उत्तमरावांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"शेजाऱ्यांची हरकत नाही, असं नोंदवते," ममता म्हणाल्या. "निर्णय वरिष्ठांचा. माझं मत मी सांगितलंच. आणखी कुणाची हरकत?"

"आहे!" उत्तमराव ताडकन उठले. "माझी हरकत आहे!"

"अहो, अर्ज तुमचा आणि हरकतही तुमचीच?" दारातून त्यांच्या पत्नी हंसाबाई ओरडल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आत्ताच आलंय," उत्तमराव म्हणाले, आणि त्यांनी अर्ज मागे घेतला.

लग्नानंतर रोहित जेसल पार्कला राहायला गेला. सामानाचा टेम्पो वळणाआड गेला तेव्हा उत्तमराव ढसाढसा रडले. रविवारी मुलगा-सून जेवायला येतात, पण रिकामी खुर्ची आठवडाभर टोचते. चांगलं वागल्याने दुःख टळत नाही. पण रात्री झोप लागते, आणि पलीकडे चंपाबाईलाही लागते.

तेव्हा मंडळी, आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो, "माझी अडचण वेगळी, मला तेवढी सवलत द्या." जरूर मागा. पण आधी स्वतःला विचारा, ही अडचण खरी आहे की नुसती माझी इच्छा? आणि भला शेजारी "हरकत नाही" म्हणाला, की तिथेच थांबू नका. जो संकोचाने बोलत नाही, त्याच्या वतीने हरकत आपणच घ्यायची असते!