धूपगडावरचा कार्यक्रम

बारावीची परीक्षा संपली आणि बाबा म्हणाले, "अंकिता, पचमढीले जाऊ. धूपगडावरून सूर्य उगवताना दाखवतो तुले."

नालवाडीला आमची भाजीची वाडी. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. बाबांनी कधी सुट्टी घेतलेली मी पाहिली नव्हती. नातेवाइकांच्या लग्नालाही जेवून लगेच परत यायचे, का तर वाफ्यांना पाणी द्यायचंय. म्हणून २००३च्या त्या मे महिन्यात त्यांनी वाडी काकांवर सोपवली, तेव्हा मी हरखून गेले. मला नागपूरला राहून बी.एस्सी. करायचं होतं. दिवाळीत आईनं एका स्थळाचा विषय काढला, तर बाबाच आडवे आले होते. "डिग्री होयेपर्यंत या घरात स्थळाचं नाव काढाचं नाई." त्या एका वाक्यावर मी परीक्षेपर्यंत अभ्यास केला.

आई, बाबा आणि मी बसनं गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप ठरली होती. निघताना आईनं तिची मोरपंखी साडी माझ्या हातात ठेवली.

"डोंगरावर साडी काऊन?"

"फोटो चांगला येते," आई दुसरीकडे बघत म्हणाली. आमच्याकडे कॅमेरा नव्हता.

वर बोचरा वारा होता. पन्नासेक माणसं कठड्याशी पूर्वेकडे तोंड करून उभी होती. डोंगरामागे डोंगर, आणि त्यांच्यावर एक फिकट केशरी रेघ. मी बाबांच्या दंडाला धरून उभी होते. तेवढ्यात बाबा मागे वळले.

"अरे, बंडूजी! तुमी इथं कसे?"

लहानपणापासून मी बाजारात बाबांशेजारी बसले आहे. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ते एक खास आश्चर्याचा आवाज काढतात. हा तोच आवाज होता.

बंडूजी सिंदी रेल्वे या गावचे, बियाण्यांचे दुकानदार. सोबत बायको देवकाबाई आणि कडक इस्त्रीच्या शर्टातला मुलगा, आदेश. देवकाबाई सरळ माझ्यापुढे आल्या. "जरा उजेडात ये व पोरी," म्हणत त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड पूर्वेकडे वळवलं. सूर्य नेमका त्यांच्या डोक्यामागे उगवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फक्त त्यांच्या केसांची तांबूस कडा दिसली आणि माझ्या नाकावरून दातांवर उतरणारे त्यांचे डोळे.

"चष्मा नाई ना लागत इले?" त्यांनी आईला विचारलं.

"नाई नाई," आई म्हणाली.

मी त्यांचा हात बाजूला केला आणि आदेशला विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

तो गोंधळला. "आठ दिवसांपासून. तुमाले नाई सांगतलं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते जीपच्या दिशेनं बघत होते.

"बाबा?"

"सांगतलं असतं तं तू आली असती का?"

"नाई."

"मंग?" ते म्हणाले. जणू विषय मिटला.

मी देवकाबाईंना हात जोडले. "मावशी, मी सूर्य पाहाले आलती. लग्नाचं मले कोणी विचारलं नाई. मले शिकाचं हाय." बंडूजी खोटं हसले. देवकाबाईंनी पदर सावरला आणि तिघंही आपल्या गाडीकडे गेली.

"इज्जत घालवली तू माही," बाबा हळू म्हणाले.

"शब्द तुमीच देल्ला होता."

आई मध्येच रडायला लागली. जीप खाली निघाली. घाटात ऊन भरपूर पडलं होतं. मी बाहेर पाहिलंच नाही.

सिंदीहून पुन्हा निरोप आला नाही. जुलैत बाबाच मला नागपूरला घेऊन गेले. माझी लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन ते वसतिगृहाचे तीन मजले चढले. धूपगडाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. चुकलं असंही नाही, बरोबर होतं असंही नाही. नंतर आईनं सांगितलं, चांगलं घर हातचं जाईल या भीतीनं त्यांनी ते केलं. असेलही.

महिन्यातून एकदा ते डबा घेऊन यायचे. आम्ही फाटकाजवळच्या बाकावर बसायचो.

"काही लागते का?"

"नाई."

आधी मी त्यांना सगळं सांगायची. मैत्रिणींची भांडणं, पडलेली स्वप्नंसुद्धा. आता विचारलं तेवढंच मी सांगत होते. बाबाही ते ओळखून होते. तरी बस सुटेपर्यंत बसून राहायचे.