मुरमावरचं पाणी

रस्ता भिजला की मातीचा वास यावा. आमच्या दारापुढच्या रस्त्याला मात्र औषधाचा वास येत होता. आमच्या रांजणातल्या पाण्याला येतो तोच, विहिरीत टाकतात त्या पांढऱ्या पावडरीचा.

श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्याच्या नव्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो तो उन्हाळा दुष्काळाचा. आमची ओळ तेवढी बांधून झालेली, समोरच्या दोन ओळींचं काम चालू. दिवसभर मुरमाचे ट्रक. दार लावलं तरी धूळ आत. आठ महिन्यांची माझी नलू खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा, नाहीतर दम्यावर जाईल. ह्यांनी बांधकामावरच्या मुकादमाला, रंगनाथला, काहीतरी सांगितलं असावं. ट्रक यायच्या आधी एक टँकर मागच्या भोकांच्या पाइपातून रस्त्यावर पाणी शिंपू लागला, आणि नलू दुपारची झोपू लागली.

मग हा वास. रंगनाथला विचारलं.

"बांधकामाचं पानी हाय वैनी. खारट. ढोरंबी तोंड लावायची न्हाईत."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तळ्यातलं गाळाचं हाय." पण चाकोरीत साचलेल्या पाण्यात तळाचे खडे दिसत होते. गाळाचं पाणी इतकं नितळ? की मलाच हल्ली भलभलते वास येतात? बाळंतपणानंतर येतात म्हणे.

ड्रायव्हर तंबाखू मळत बसला तेव्हा पाइपाखाली हात धरला आणि चाखलं. गोडं, पिण्याचं पाणी. थुंकायचं मनात आलं होतं, पण त्या साली थुंकवेना. गिळलं.

आता पुढे काय, तेच सुचेना. नलूला घेऊन मी तशीच टाकीपाशी गेले. शिंपून झालं की टँकर तिथे रिकामा होई, आणि मागच्या वस्तीच्या बायका हंडे घेऊन उभ्या असत. बनुबाई पुढे होती. ती आमच्या समोरच विटा वाहायची.

"भरून निघतो न् हितं येईस्तवर निम्मा! टँकरलाबी ऊन लागतंय व्हय रं रंगनाथ?"

बायका हसल्या.

"धुरळ्याला लागतंय पानी."

"धुरळा पितोय, मग आमी काय चाटायचं?"

"माज्यावर का वरडता? त्या बाईसाहेबांच्या लेकरासाठी शिंपतोय. त्यांनाच इचारा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. परवा खारट, काल गाळाचं, आज माझ्या लेकरासाठी. यातलं खरं काय? की सगळंच थोडं थोडं खरं? बी.ए.ला तर्कशास्त्रात मी कॉलेजात पहिली होते. नलूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

बनुबाईनं नलूचा गाल चिमटला. "हीच का ती? हिचा खोकला आमाला पार तिकडं ऐकू येतो बया."

ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"बोला वैनी," रंगनाथ म्हणाला, "थांबवू का?"

"थांबवा," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण कुणी दुसरीच बोलल्यासारखा.

दुपारी कोरड्या रस्त्यावरून ट्रक गेले. नलूला पदराखाली घेऊन मी आतल्या खोलीत बसले. संध्याकाळपर्यंत तिची छाती भात्यासारखी वाजायला लागली.

हे आले, ऐकून घेतलं, टोपी काढून खुंटीला लावली. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"कुणी नाही."

"मग बरोबर केलंस असं वाटतं तुला?"

"माहीत नाही. उद्या हिला घेऊन राहात्याला आईकडे जाते."

"तिथे धूळ नाही?"

"आहे. ट्रक नाहीत."

"आणि पाणी?"

आईच्या गेल्या आठवड्यातल्या पत्रात पाण्याचं काहीच नव्हतं. आहे म्हणून नव्हतं, की मला काळजी नको म्हणून, कोण जाणे. मी नलूची दुपटी पिशवीत भरत राहिले.