ग्रहणातली विळी

कोणतीही गोष्ट मुळापासून माहीत करून घेतल्याशिवाय मले चैन पडत नाही, हा माझा जुना रोग. आमच्या पाऱ्यात, म्हणजे बूढापारा मोहल्ल्यात, कोणाकडं पाहुणा आला तरी मी विचारते, कुठला, कोणाचा, किती दिवस राहणार. मग माझ्या नातीचं काय झालं, हे मी सोडणार होती काय?

नात म्हणजे श्रावणी, आठ वर्षांची. चार वर्षांची होईपर्यंत बोलली नाही, उंची वाढून नाही राहिली, अन् बोटांच्या टोकांवर तान्ह्या लेकरासारख्या मऊ गाद्या. पोट्टी मोठी गोड, पण असं काहून? त्याचं कारण मी साऱ्या पाऱ्याले केव्हाच सांगून टाकलं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, सूर्यग्रहणात माझ्या सुनेनं, राधिकानं, विळीवर भोपळा कापला. पोटात चौथा महिना. दुसरं काय होणार? राधिका खाली मान घालून ऐकून घ्यायची.

यंदा दवाखान्यात सोनिया नावाची नवीन डॉक्टरीण आली. पोट्टी मराठी, पण बोलते हिंदीच. तिनं श्रावणीची बोटं दोनदा दाबून पाहिली, अन् तिचं, राधिकाचं, माझ्या लेकाचं, तिघांचं रक्त बंगलोरले पाठवलं. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. लेकाले सिलतऱ्याच्या कारखान्यातून सुट्टी नाही मिळाली, म्हणून आम्ही सासू-सुनाच गेलो.

सोनियानं सांगितलं ते मी माझ्या बोलीत सांगते. प्रत्येक पेशीत एक लांबच लांब धागा असते. हाड कसं वाढवायचं, जीभ कशी वळवायची, सगळं त्याच्यावर लिहिलेलं. मावत नाही म्हणून बारीक गोळ्यांवर गुंडाळलेला. घट्ट गुंडाळलेलं वाचता येत नाही. मग प्रोटीनचं एक टोळकं येते, नेमक्या जागी खूण करते, तिथला धागा सैल होते अन् ते काम सुरू होते.

"म्हणजे गाठोडं सोडणारे," मी म्हटलं.

"हव काकी, वही!"

"मग आमच्या पोट्टीचं कुठं अडलं?"

त्या टोळक्यातलं एक प्रोटीन श्रावणीच्या अंगात अर्धंच बनते म्हणे. बाकीचे हजर, हे एक कमी. टोळकं तर बोटापासून बोलण्यापर्यंत सगळीकडं लागते, म्हणून ठिकठिकाणची गाठोडी वेळेवर सुटलीच नाहीत. अगं बाई! मी विचारतच गेली. केलेली खूण कोणी पुसते काय? पुसणारं वेगळं टोळकं आहे म्हणे. मले तर नवलच वाटलं.

मग मी खरा प्रश्न काढला. "हे आलं कोणाकडून? हिच्याकडून?"

"किसी से नहीं. माँ-बाप दोनों के खून में नहीं है. बच्ची में नई गलती है, अपने आप हुई."

"अन् ग्रहण?"

तिनं महिना विचारला. "चौथा? काकी, ये तो गर्भ ठहरा तभी हो चुका था. ग्रहण तो बाद में लगा."

मी रिपोर्टाची घडी करून पिशवीत घातली अन् उठली.

ऑटोत राधिका आवाज न करता रडून राहिली होती. मी कसंबसं म्हटलं, "त्या दिवशी हळदीकुंकवाच्या बाया येणार म्हणून विळी तुझ्यासमोर मीच ठेवली होती. काही होत नाही, काप, असंही मीच म्हटलं होतं. तू कोणाले सांगितलं काहून नाही?"

"कापला तर मीच होता नं, आई," ती म्हणाली. "मले वाटे, माझ्याच हातानं लेकराचं वाटोळं झालं. मग काप कोणी म्हटलं होतं, त्यानं काय फरक पडणार होता?"

आठ वर्षं! माझ्या जिभेले हाड नाही, हे लोक म्हणतच होते. मले ते त्या दिवशी पटलं. लाज वाटली, फार वाटली.

घरासमोर शेजारची अंजनाबाई वाटच पाहत उभी. "काय निघालं वं? ग्रहणाचंच नं?"

"नाही," मी गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं. "ग्रहणाचं काहीच नाही. अन् ती विळी हिच्या हातात मी दिली होती. आता काय विचारायचं ते मले विचार, हिले नाही."