कॉस्टिकच्या टबाचे झाकण

तिच्या सासऱ्यांना प्रयोगशाळेत सगळे मास्तर म्हणत. एलिमिनेशन ही अभिक्रिया शिकवावी तर त्यांनीच. अल्कली एका कार्बनवरचा हायड्रोजन ओढून नेते, शेजारच्यावरचा क्लोरीन काढता पाय घेतो आणि मागे उरलेले दोघे कार्बन एकमेकांना आणखी घट्ट धरतात. त्या घट्ट बंधावर मग हवे ते जोडत जायचे. इथली बरीचशी औषधे अशीच उभी राहत. ती आधी त्यांची विद्यार्थिनी होती, मग सून झाली. दोन्ही नात्यांत तिने त्यांना कधी नाही म्हटले नव्हते.

दुपारी डबा खाऊन ती आत आली, तर बेसिनजवळ ट्रायक्लोरचा रिकामा कॅन. वंगण धुवायचा हा द्रावक इथे क्वचितच निघे.

"बाबा, हे कशाला काढलं होतं?"

"तेलकट फ्लास्कना. काल खळबळून टाकले टबात." मास्तर हातमोजे चढवत होते.

"वाळवले होते ना आधी?"

"वाळवायचे कशाला? टब आहेच की."

टब म्हणजे कॉस्टिकचा, तीव्र अल्कलीने भरलेला. प्रत्येक खरकटा फ्लास्क त्यात बुडवायचा, झाकण लावायचे आणि दुसऱ्या दिवशी लख्ख काढायचा, हे सगळ्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की हात आपोआप तिकडे जात. ट्रायक्लोरमध्ये एका कार्बनवर हायड्रोजन, शेजारी क्लोरीन. टबाने त्याचे तेच केले असणार जे मास्तर फळ्यावर करून दाखवत. त्यातून निघतो तो विषारी वायू, आणि साठलेल्या वायूला हवा लागली की तो पेट घेऊ शकतो. हे मास्तरांना तिच्यापेक्षा चांगले ठाऊक होते, पण भांडी घासताना कुणाला रसायनशास्त्र आठवते?

मास्तरांनी झाकणाची कडी धरली. तिने धावत जाऊन त्यांचे मनगट धरले. सासऱ्यांचा हात असा तिने जन्मात धरला नव्हता.

"अगं, हे काय?"

"एलिमिनेशन, बाबा. टबात."

त्यांची नजर ट्रायक्लोरच्या कॅनकडे गेली. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कडी अलगद सोडून ते मागे सरले. सगळ्यांना बाहेर काढले, दार लावले, अग्निशमन दलाला फोन केला.

बाहेर पायरीवर टेकल्यावर कुठे तिच्या जिवात जीव आला.

"पैकीच्या पैकी मार्क तुला," मास्तर म्हणाले. "आणि मास्तर नापास."

तिला हसू आले. हसता हसताच तिने विचारले, "आज झाकण उघडलं नव्हतं ना?"

"सकाळी एकदा. आणखी दोन फ्लास्क टाकायचे होते. गोडसर वास आला, तेवढाच."

तो वायू जीव घेण्याआधी चेहऱ्याच्या नसा बधिर करतो, आणि तेही लगेच नाही, काही तासांनी. तिने पाण्याची बाटली तेवढी पुढे केली.

मास्तर घटाघटा प्याले आणि पुन्हा बोलू लागले. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आले, तिथून कॉलरवर ठिबकत राहिले. ते बोलतच होते.

"बाबा, तोंड पुसा."

त्यांनी बोलणे थांबवून तिच्याकडे पाहिले.

"का? कुठे काय लागलंय?"