कॅनडाची पिशवी

आमच्या तालुका दूध संघाचे अध्यक्ष रंगनाथराव, म्हणजे अण्णा, १९९६ साली अठरा दिवसांचा परदेशी अभ्यासदौरा करून परत आले, तेव्हा त्यांच्या सामानात टिपणांची वही नव्हती, पण दुधाची रिकामी भांडी चार होती. डेन्मार्कचा पुठ्ठ्याचा खोका, इंग्लंडची काचेची बाटली, अमेरिकेचा मूठवाला प्लॅस्टिकचा कॅन आणि कॅनडाचा आणखी एक खोका. सोबत त्यांच्या पत्नी राहीबाई गेल्या होत्या. त्या स्वखर्चाने गेल्या, असं ठरावात नमूद आहे. संघाचा सचिव म्हणून ठराव मीच लिहिला, त्यामुळे मला शंका घेता येत नाही. टोरांटोला अण्णांचा सख्खा पुतण्या राहतो. साहजिकच कॅनडातल्या दूधधंद्याचा अभ्यास नऊ दिवस चालला.

दौऱ्याचा निष्कर्ष एकच निघाला. प्रगत जग खोक्यातून दूध पितं आणि आपण अजून पिशवीत आहोत. तेव्हा वार्षिक सभेत ठराव आणायचा, खोके भरणारं मशीन घ्यायचं आणि पिशवी विभाग बंद करायचा. त्या विभागातल्या अकरा माणसांपैकी तिघांना नव्या मशीनवर घेणार होते. उरलेल्यांना अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शीतकरण केंद्रावर सामावून घेणार होते. 'सामावून घेणे' हा शब्द माझाच. बदलीपेक्षा तो बरा दिसतो.

अकोल्याच्या यादीत पहिलं नाव भीमराजचं होतं. बारा वर्षं तो पिशवी भरण्याच्या मशीनवर होता. नवं मशीन कॉम्प्युटरवर चालणार होतं आणि भीमराज मशीन कानावर चालवायचा. आवाज जरा जाड झाला की सील कच्ची पडतेय हे त्याला न बघता कळायचं. दर पाळीला पहिली पिशवी तो खांद्याच्या उंचीवरून फरशीवर टाकायचा. ती फुटली नाही तरच पुढचं दूध सोडायचा. त्याचं घर श्रीरामपुरात, मुलगी यशोधरा दहावीला. अकोल्याला जायचं तर एकट्यानं जायचं, महिन्यातून एकदा यायचं. त्यानं अर्ज वगैरे केला नाही. मला एवढंच विचारलं, "साहेब, आपली पिशवी खरंच मागासलेली आहे का?" मी म्हटलं, ठरावात तसं लिहिलंय. तो म्हणाला, ठराव तर तुम्हीच लिहिता. या मुद्द्यावर मी फाईल उघडली.

सभेच्या सकाळी हॉलमध्ये पांढरं कापड अंथरून टेबल मांडलं. अण्णांनी भांडी प्रगतीच्या क्रमानं लावली, सगळ्यात मागास डावीकडे, पुढारलेलं उजवीकडे. इंग्लंडनं जरा अडचण केली. दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलेला देश अजून दारात बाटल्या ठेवतो, हे पटणारं नव्हतं. शेवटी अण्णा म्हणाले, इंग्रज आता थकलेत, आणि बाटली डावीकडून दुसरी झाली. डावीकडची पहिली जागा आपल्या पिशवीची. ती भीमराजनं आणून ठेवायची होती.

पिशवी टेबलावर उभी राहत नाही. ती आडवी पडली आणि ताठ खोक्यांच्या शेजारी एखाद्या हरलेल्या पैलवानासारखी दिसू लागली. भीमराजला ते बघवेना. तो कॅन्टीनमधून पाण्याचा जग घेऊन आला आणि पिशवी त्यात उभी केली. अण्णांनी ते पाहिलं. म्हणाले, ही काय पाणपोई आहे का, काढ तो जग.

राहीबाई समईची तयारी करत होत्या. त्या वळून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. कॅनडात आसंच ठेवत्यात."

अण्णा हसले. बायकोचं अज्ञान चारचौघांत झाकून घेण्याचं त्यांचं एक ठरावीक हसू होतं. म्हणाले, तू नऊ दिवस स्वयंपाकघरात होतीस, तुला काय दिसणार? राहीबाई पुन्हा समईकडं वळल्या. जग काढला गेला. पिशवी पुन्हा आडवी.

सभेला दीड-दोनशे सभासद जमले. अण्णांचं भाषण चाळीस मिनिटं झालं. ते मी लिहिलेलं असल्यामुळे मुद्देसूद होतं. डेन्मार्कच्या गाई, तिथली स्वच्छता, मग एकेक भांडं उचलून दाखवणं. खोका या हातातून त्या हातात फिरला. पुढच्या रांगेतले रंभाजीबाबा तो बराच वेळ कानाशी हलवत बसले आणि म्हणाले, ह्याच्यात दूध किती हाय ते दिसत न्हाई. अण्णा म्हणाले, लिहिलेलं असतं. रंभाजीबाबांनी खोका पुढे दिला. मला वाटतं, लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास कमी होता. ते संघाचे जुने सभासद होते.

मग मी ठराव वाचला. भीमराज दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. नोकर माणसाला सभेत बोलता येत नाही. अण्णांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. दरवर्षी या प्रश्नानंतर चहा येतो.

राहीबाई उभ्या राहिल्या.

दोन गाई त्यांच्या नावावर असल्यामुळे त्या रीतसर सभासद होत्या. आजवर एकाही सभेत त्या बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी अण्णांकडं पाहिलं नाही. समईच्या तेलाची बाटली सांडू नये म्हणून त्यांनी ती एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती. बाटली त्यांनी खाली ठेवली आणि पिशवी वर धरली.

"ही कॅनडाची दुधाची पिशवी. पुतन्याच्या घरी रोज हेच दूध यायचं. मोठ्या पिशवीत तीन बारक्या पिशव्या, ही त्यातलीच. एक जगात उभी करायची, कात्रीनं कोपरा कापायचा आन वतायचं. नऊ दिस मी सोता कापलीय. ह्यांनी चा पिला, पिशवी न्हाई बघितली. स्वयंपाकघरात पाय कुठं टाकला?"

बायकांच्या रांगेत हसू फुटलं. अण्णा म्हणाले, अगं, कॅनडाचा खोका हा इथं ठेवलाय.

"त्यो तुमी येताना दुकानातनं घेतला. दुकानात दोनी मिळत्यात. घरात पिशवी व्हती."

अण्णांना पुरावा ओळखीचा वाटेना. ती रिकामी झालेली पिशवी राहीबाईंनी तिकडंच वरून पुरती कापून, धुऊन, वाळवून, घडी घालून सामानात टाकली होती. चांगली जाड पिशवी टाकून देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आणि अण्णांच्याच बॅगेत, ओल्या मोज्यांभोवती गुंडाळून ती विमानानं श्रीरामपुरापर्यंत आली होती. अभ्यासदौऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद असा नकळत आणला गेला होता.

राहीबाईंनी दाराकडं पाहिलं. "भीमराज, इकडं ये. सांग ही कसली हाय."

भीमराजनं पिशवी हातात घेतली, उलटी केली, उभ्या शिवणीवरून अंगठा फिरवला, खालची सील नखानं ओढून पाहिली. वाट्टेल तेवढा वेळ घेतला. मग तो म्हणाला, "दुधाचीच. आपल्यासारख्याच मशीनवर भरलेली. प्लॅस्टिकचा रोल लावायचा, उभी शिवण, मग आडवी सील. काही फरक नाही."

रंभाजीबाबांनी विचारलं, "मंग चांगली कुनाची? त्यांची का आपली?"

'आपली' म्हणाला असता तर टाळ्या पडल्या असत्या. भीमराजनं पुन्हा सील पाहिली. "उभी शिवण आपली चांगली. आडवी त्यांची."

टाळ्या पडल्याच, आणि मला वाटतं जास्त पडल्या. खोटं बोलणाऱ्यांची आमच्या सभेत कमतरता नसल्यामुळे असेल.

आता अण्णांबद्दल एक सांगितलं पाहिजे. हा माणूस सव्वीस वर्षं निवडून येतोय, ते उगाच नाही. ते एक घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, हेच मी शेवटी सांगणार होतो. कॅनडासारखा बलाढ्य देश आज जी पिशवी वापरतो, ती आपल्या तालुक्यात बारा वर्षांपासून आहे. याचा प्रत्येक सभासदाला अभिमान वाटला पाहिजे. ठराव त्यांनी 'अधिक अभ्यासासाठी' राखून ठेवला. अकोल्याची यादी ठरावाला जोडलेली होती, त्यामुळे तीही लांबणीवर पडली. राहीबाई तोवर खाली बसून समईच्या वाती सारख्या करत होत्या.

चहा झाल्यावर लोक खोक्यांकडं फिरकले नाहीत. आपल्या पिशवीभोवती उभे राहून ती दाबून बघत होते, जणू आजच पहिल्यांदा पाहिली. घरी रोज येते तीच पिशवी. एका म्हाताऱ्यानं ती उचलून नातवाच्या हातात दिली आणि सांगितलं, ही कॅनडातबी हाय.

आठवड्याभरानं भीमराज माझ्या टेबलापाशी आला. आडवी सील दाबणारा मशीनचा जबडा त्यानं तीन दिवस खोलून बसवला होता, उष्णता कमी-जास्त करून पाहिली होती. कॅनडाची पिशवी राहीबाईंकडून मागून आणून त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि शेजारी आपली ठेवली. मी दोन्हींच्या सील नखानं ओढून पाहिल्या. त्यातलं मला काही कळत नाही, पण कॅनडाची जराशी उकलली.

"आता आडवीपण," भीमराज म्हणाला, आणि पाळीवर गेला.