निवळलेलं रक्त

इग्नातचा दिवस, म्हणजे नाताळाच्या तोंडावर घरोघरी डुक्कर कापायचा दिवस. तरी माणसं गेरासिमबाबाच्या झऱ्यावर रांगेत! आमचं गाव तेलविहिरींचं. झऱ्याच्या फेसाने हातावरचं काळं तेल साबणाशिवाय निघायचं. जो तेल काढतो तो रोगही काढील, एवढ्यावर गाव भुललं.

बाबा रोग्याचं बोट टोचून मिठाच्या पाण्यात रक्त पाडी. पाणी गढूळ होई. “हा बघ तुझा रोग!” मग चमचाभर फेस टाकला की पाणी नितळ, लालबुंद. “गेला बघ!” बायका छातीवर क्रूस काढत रडायच्या.

त्यात शेजारची सावेता होती, कडेवर नऊ वर्षांची इलिंका. उकळतं पाणी सांडून पोरीची पोटरी भाजलेली. इंजेक्शनं बंद करून आई रोज त्यावर फेस चोळत होती. पट्टीला वास मारत होता.

“सावेता, हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात ने.”

“मास्तर, तुमची पुस्तकं तुमच्यापाशी ठेवा. माझ्या डोळ्यांदेखत हिचं रक्त निवळलंय!”

मी घरी धावलो. बायको डुकराचं रक्त गोठू नये म्हणून ढवळत होती. वाटीभर उचललं, झऱ्यावर परत येऊन बाबाच्याच मिठाच्या पाण्यात थोडं ओतलं. गढूळ. बाबाचाच फेस टाकला. नितळ लाल.

“बाबा, आमचं डुक्कर बरं झालं. आता त्याला उठून चालायला सांगा.”

“डुकरात सैतान असतो. तो गेला!” बाबा गरजला.

“बरं. मग तुमचं बोट द्या. तुमच्यात तर ना रोग, ना सैतान. पाणी गढूळ व्हायलाच नको.”

बाबाचा हात झग्यात गेला तो बाहेर येईना.

मी ओरडून सांगितलं, “अरे, रक्तातल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ, दुपदरी आवरण असतं. अख्ख्या पेशी तरंगतात म्हणून पाणी गढूळ दिसतं. तेलात वाढणारे जिवाणू साबणासारखं द्रव्य सोडतात, तोच हा फेस. तो त्या आवरणात घुसून भोकं पाडतो. पेशी फुटते, रंग पाण्यात सांडतो. रोग जात नाही, पेशी मरतात. उघड्या जखमेतल्या पेशींनाही तसलंच आवरण असतं!”

सावेताने तिथेच पट्टी सोडली. “म्हणजे मीच चोळलं?” मी इलिंकाला उचलून इस्पितळाची वाट धरली.

डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. इलिंका आता कुबडीवर शाळेत येते. झऱ्यावर आजही रांग आहे, कारण कुबडीपेक्षा लाल पाणी लोकांना जास्त दिसतं.

लोकहो, पाणी निवळलं म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे. लेकराच्या जखमेला फेस लावण्याआधी एवढंच करा: बाबाचं बोट मागा.