जात्याची पायरी

इंजिनाचा पहिला ठोका पडला आणि थोड्याच वेळात सुकदेव म्हाली काखेत धोपटी मारून गिरणीच्या दारात हजर झाला.

"कोन गेलं?"

"कोनी नाई," इंद्रभान म्हणाला.

"मंग इंजिन काहून सुरू केलं?"

"लई दिस बंद होतं. गंजते ते. तेल पाजून राह्यलो."

सुकदेवने धोपटी खाली ठेवली. डोकी भादरायला निघालेल्या न्हाव्याला एकही डोकं मिळालं नाही, तर चेहरा होईल तसा त्याचा झाला.

"अशी मजाक बरी नाई, इंदरभानभाऊ. तिकडं मनकर्णाबाईनं तव्यावरची भाकर उतरवली. लोकं कामधंदा टाकतात ना बाप्पा!"

रिसोडात या गिरणीची कीर्ती अशी होती. इंजिन टुकटुकलं की बाया हातातलं काम थांबवून एकमेकींना विचारत, कोण गेलं?

इंद्रभान तसा अपशकुनी माणूस नव्हता. पंचेचाळिशीचा, मिशाळ, हसरा. कापसाच्या हंगामात वाशीमच्या एका शेटजींच्या सरकी काढायच्या जिनातलं इंजिन चालवायचं आणि उरलेलं वर्ष ते पुसायचं, ही त्याची नोकरी. पगार वेळेवर, दिवाळीला धोतरजोडा. अशा नोकरीत माणसाला वाईट विचार सुचायला भरपूर सवड मिळते. इंद्रभानला सुचला. इतकी वर्षं शेटजींचं इंजिन फिरवलं, एक आपलं का फिरवू नये? रिसोडात पिठाची गिरणी नव्हती. बाया पहाटे उठून जात्याशी झटत. त्या आपल्याला दुवा देतील असं त्याला वाटलं. त्यांना एकदा विचारावं, असं मात्र वाटलं नाही.

शेटजी म्हणाले, "जा. दसऱ्यापर्यंत तुझी जागा खाली ठेवतो." शहाणी माणसं शाप देतात ते असे.

इंजिन वाशीमपर्यंत आगगाडीने आलं, पुढं बैलगाडीने. गिरणी सुरू झाली त्या दिवशी इंद्रभानने एक जाहिरात केली. घरातलं जातं उचलून आणलं आणि त्याच्या दोन्ही दगडी तळ्या गिरणीच्या दारात पायऱ्या म्हणून बसवल्या. "आता जात्याचं काम एवढंच!" पुरुष हसले. बाया हसल्या नाहीत. त्याची बायको पंचफुला, जिच्या लग्नाची हळद याच जात्यावर निघाली होती, ती एवढंच म्हणाली,

"जात्यावर पाय देऊन कोन आत येईन हो?"

"येतीन."

चौथ्या दिवशी दौलतराव पाटलांची आई गेली. म्हातारी नव्वदीची, तीन वर्षं बाजेवरून उठली नव्हती. पण गावाचं मत पडलं की ती तशी जाणारी नव्हती, इंजिनाने नेली. सुतकाच्या घरात जातं फिरत नाही आणि तेरवीला तर अख्खं गाव जेवायचं. दौलतरावांनी गहू गिरणीवर पाठवले. पहिलं दळण! इंद्रभानने नारळ फोडला.

पुढं सुतकाचं प्रत्येक घर आलं. सुतक नसलेलं एकही आलं नाही.

इंजिनाचं तेल विकणारा सैफुद्दीन समजूत घाली. "धंदा तो धंदा हाय यार. कफनवाला बी तं दुकान लावते. आमच्या चाळिसाव्याचे गहू बी तुह्याकडंच पाठवतो." आणि त्याने पाठवलेही. मरणाला जात नाही न धर्म नाही, हे गिरणीत जितकं दिसलं तितकं गावात दुसरीकडं कुठं दिसत नसे.

इंद्रभानला एकच हवं होतं, लग्नाचं एक दळण. तेवढं झालं की नाव पुसलं जाईल. मनकर्णाबाईच्या पोराच्या लग्नाला त्याने फुकट दळून देतो म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "तुमचा हात चांगला हाय भाऊ. इंजिनाचा पाय वाईट हाय."

भादव्यात झड लागली आणि गावात ताप फिरला. एका सकाळी रस्त्याने जाताना इंद्रभान थबकला. ओट्यावर म्हातारा रामराव खोकत होता. खोकला थांबेपर्यंत इंद्रभान उभा राहिला, मग सैफुद्दीनकडं जाऊन म्हणाला, "तेलाचा एक डबा जास्तीचा दे." डबा गिरणीत आणून ठेवला, हात पुसले, आणि तेव्हा कुठं आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी रामरावने ओट्यावरूनच हाक दिली.

"इंदरभान, माह्याकडं नको पाहू रे बाबा. अजून गहू निवडले नाई!"

ओट्यावरचे सगळे हसले. पण त्या दिवसापासून तो दिसला की म्हातारे एकेक करून आत जाऊ लागले.

दसरा आला आणि गेला. इंद्रभान वाशीमला फिरकला नाही. मुलीचं, सोजरचं, लग्न जऊळक्याला ठरलं होतं आणि त्याच्या मनात एक घाट होता. या लग्नाचे गहू आपल्याच गिरणीत दळायचे. बापाने स्वतःच्या हाताने पोरीचं दळण काढलं म्हटल्यावर कोण बोलेल?

"गहू दळा," पंचफुला म्हणाली. "हळद कशी दळसान? तिले जातंच लागते."

"माग ना कोनाचं."

"मांगतलं. मनकर्णाबाई म्हने, देल्लं असतं व माय, पन..."

"पन काय?"

"तेवढंच म्हने."

हळदीच्या दिवशी सकाळी इंद्रभान गव्हाचं पोतं घेऊन गिरणीत गेला. तेल घातलं, पट्टा चढवला, हँडल धरलं. पहिला ठोका पडला की काय होईल ते त्याला पाठ होतं. भाकरी तव्यावरून उतरतील. सुकदेव धोपटी घेऊन धावत येईल. दारात उभा राहून विचारेल, कोन गेलं? आणि कुणीतरी, अगदी सहज, उत्तर देईल, सोजरचं दळन हाय.

त्या प्रश्नाला लागून ते नाव.

इंद्रभानने हँडल सोडलं आणि कोपऱ्यातली पहार घेतली.

दारातली वरची तळी सुटली. ती खांद्यावर घेऊन तो भर उन्हात गावातून निघाला. ओट्यावरून आज कुणी आत गेलं नाही. रामराव गुडघ्यावर हात टेकून उठला, मग बाकीचे उठले. वाटेने तिरडी जाताना माणसं उठतात, तशी. सुकदेव घरातून बाहेर आला, "कोन..." म्हणाला आणि वाट सोडून बाजूला झाला.

इंद्रभान दुसरी तळी घेऊन आला तेव्हा ते पुन्हा उठले.

पंचफुलाने दोन्ही तळ्यांचा चिखल घासून काढला, पाणी घातलं, खुंटा ठोकला, कुंकू लावलं. पाच सवाशिणींना बोलावणं गेलं होतं. त्यांची वाट पाहून झाली. मग तिने हळकुंडांची मूठ जात्यात टाकली आणि खुंटा धरला. समोरची जागा रिकामी होती. इंद्रभान तिथं बसला. बाप्याने बसायची ती जागा नव्हे, पण पंचफुलाने खुंट्यावरचा हात थोडा सरकवला.

त्याने खुंटा ओढला. जातं गरकन फिरलं.

"हळू," ती म्हणाली. "इंजिन नाई हाय ते."

त्याने हात हळू केला. तळीच्या कडेने पिवळी भुकटी सांडू लागली. बाहेर, ओट्यावर रामराव खोकला. पुष्कळ वेळ खोकला.

इंद्रभानने मान वर केली नाही.